गाडीचा पिवळा दिवा आणि सोयाबीनचं पिवळं पान

आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. हरभरा घाट्यात आहे, पाणी देऊन झालंय, तूर कापून पडलीय, म्हणून जरा सवड मिळाली. आणि गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी बांधावर गाठून एकच विचारलं, "ते मोबाईलला जोडून गाडीचा फॉल्ट सांगणारं यंत्र तू घेतलास म्हणं. कोणतं घेऊ? तीनशेचं का तीन हजाराचं?"

यंत्र स्वस्तातलं घ्या, त्यात माझं काही म्हणणं नाही. पण ते यंत्र जे सांगतं ते ऐकायचं कसं, तिथं पैसे वाचतात नाही तर बुडतात. माझे दोन्ही झालेत, म्हणून लिहितोय.

गोष्ट मागच्या मागच्या दसऱ्याची. सोयाबीनच्या राशी चालू होत्या. आमची पेट्रोल गाडी, २०१८ ची. बापूंना तपासणीला नांदेडला न्यायचं होतं. मुखेडहून नांदेड म्हणजे दीड-दोन तास, रस्ता कुठं खोदलेला असला तर जास्तच. सकाळी चावी फिरवली तर मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. गाडी मात्र नेहमीसारखी चालत होती. बापू म्हणले, "दिवा लागलाय तर कशाला जोखीम घेतूस." तारीख पुढं ढकलली आणि गाडी एका गॅरेजला लावली. तिथं मोठा स्कॅनर होता. त्यांनी जोडला, स्क्रीनवर इंग्रजीत ओळ आली, त्यात 'ओ-टू सेन्सर' हे शब्द होते. "मालक, सेन्सर गेलाय. आम्ही नाही, कॉम्प्युटर सांगतोय." सायलेन्सरच्या पाइपात बसतो तो ऑक्सिजन सेन्सर. मजुरी धरून ५,४०० रुपये. कापसाचा पहिला वेचा अजून घरात होता, पैसे उसने घेऊन दिले.

चौथ्या दिवशी दिवा परत लागला.

परत गेलो तर "आता ईसीएम बघावं लागेल" असं ऐकायला मिळालं. ईसीएम म्हणजे इंजिनाचा मेंदू, त्याचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. तेव्हा ते छोटं यंत्र मागवलं. कोड आला पी ०१३५. नीट वाचलं तर त्याचा अर्थ 'पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट' असा आहे. सर्किट! म्हणजे फ्यूज, वायर, कनेक्टर आणि शेवटी सेन्सर, एवढं सगळं त्यात आलं. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं काम बघणारा वायरमन आहे, त्याला म्हणलं जरा मीटर घेऊन ये. त्यानं सेन्सरचं कनेक्टर काढलं, चावी ऑन करायला लावली, मीटरच्या पिना लावल्या. करंटच येईना. वायर मागं मागं बघत गेला तर बॅटरीच्या खाली उंदरानं कुरतडलेली. राशीच्या दिवसांत शेतातले उंदीर घराकडं सरकतात आणि गाडीच्या बॉनेटखाली ऊब असते, हे आपल्याला काय नवीन आहे? वायर जोडली, टेप मारली, कोड पुसला. त्यानं चहा घेतला, पैसे घेतले नाहीत. दिवा आजपर्यंत लागला नाही.

त्या गॅरेजवाल्यानं मला फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं कोडातला एक शब्द वाचला आणि त्या नावाचा पार्ट बदलला. हेच आपण सोयाबीनला करतो की. पान पिवळं पडलं की दुकानात जायचं, "पिवळं पडलंय" म्हणायचं, तो एक बाटली देतो. आता पान पिवळं पडायची कारणं किती? आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह लागत नाही म्हणून कोवळं पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या राहतात. पाणी साचलं की पडतं. पांढऱ्या माशीनं आणलेला मोझॅक असला तरी पडतं, आणि त्याला फेरस सल्फेट कितीबी मारा, काय बी होत नाही. पिवळं पान ही खूण असते, रोग शोधावा लागतो. गाडीचा कोड तसाच. कोणत्या सर्किटात, कोणत्या कामात बिघाड दिसला एवढं तो सांगतो. कोणता पार्ट घ्यायचा हे त्यात लिहिलेलं नसतं.

आता यंत्राचं. गाडीत स्टिअरिंगच्या खाली, ब्रेकच्या वरच्या अंगाला वाकून बघा, सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. हा काही कंपन्यांनी आपल्यावर उपकार म्हणून ठेवलेला नाही. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला तो धुराच्या कायद्यानं सक्तीचा झाला, आणि कोडांची भाषाही सगळ्या कंपन्यांना एकच ठेवावी लागली, म्हणून आज कुठल्याही कंपनीच्या गाडीत पी ०१३५ चा अर्थ एकच निघतो. आपल्याकडं बीएस-४ मोटारींना ही दुसऱ्या टप्प्याची ओबीडी एप्रिल २०१३ पासून आली. पण बीएस-४ देशभर लागू झालं ते एप्रिल २०१७ ला, तोवर आपल्यासारख्या भागात बीएस-३ गाड्या विकल्या जात होत्या. म्हणून २०१७ च्या आधीची जीप किंवा पिकअप असेल तर पैसे घालायच्या आधी दुसऱ्याचं यंत्र लावून बघा. सॉकेट असतो, पण आतून कोणी बोलेलच असं नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला काळजी नाही.

ट्रॅक्टरला चालेल का, हा दुसरा प्रश्न हमखास येतो. आपले पन्नास एचपीच्या आतले बहुतेक ट्रॅक्टर साध्या पंपावर चालतात, त्यांत कॉम्प्युटरच नाही, तर कोड कुठून येणार. जानेवारी २०२३ पासून पन्नासच्या वरच्यांना नवीन धुराचे नियम लागले, त्यांत कॉम्प्युटर आलाय, पण त्यांचा सॉकेट आणि बोली वेगळी असू शकते. मोटारीचं यंत्र त्यात खुपसू नका. मोटारसायकलींना बहुधा सहा पिनांचा कनेक्टर येतो, वेगळी केबल लागते.

बाजारात तीन तऱ्हा आहेत. पहिली, अंगठ्याएवढा निळा किंवा काळा ठोकळा, ब्लूटूथवाला, तीनशे ते सातशेला. त्यावर 'ईएलएम ३२७' लिहिलेलं असतं. ही मूळची कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची चिप. त्यांच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून कुलूप लावलेलं नव्हतं, म्हणून तिच्या नकला झाल्या आणि जगभर पसरल्या. मूळ कंपनी २०२२ ला बंद झाली, नकला जोरात चालू आहेत. म्हणजे तीनशेत मिळतं ते नकली आहे का हे विचारायचंच नाही, नकलीच आहे. बियाण्यासारखं समजा, नकलीतही उगवणारं आणि न उगवणारं असतं. पेटीवर 'आवृत्ती २.१' लिहिलंय म्हणून ते १.५ पेक्षा नवं, असं धरू नका. २.१ छापलेल्या कित्येक ठोकळ्यांत काही आज्ञा गाळलेल्या असतात, ते काही गाड्यांशी जोडलेच जात नाहीत. परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या आणि आलं त्या दिवशीच लावून बघा. पेटी कपाटात ठेवायची आणि बिघाड झाल्यावर उघडायची, ही सवय इथं महागात पडते.

आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथ ठोकळा घेऊच नये, त्यांच्या फोनला तो जोडत नाही. त्यांना वायफायचं किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलं लागतं. अँड्रॉइडवर 'टॉर्क' नाहीतर 'कार स्कॅनर' हे अ‍ॅप टाका, फुकटातलं पुरतं. जोडताना पिन मागतो, १२३४ नाहीतर ०००० बहुतेक चालतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे हातात धरायचा स्कॅनर, वायरवाला, छोट्या स्क्रीनचा. हजार-दीड हजारापासून पुढं. फोन लागत नाही, अ‍ॅप लागत नाही, रेंज लागत नाही. बापूंच्या वयाच्या माणसालाही हिरवं बटण दाबून कोड वाचता येतो. तिसरी तऱ्हा गॅरेजवाल्यांची, दहा-वीस हजारांपासून लाखापर्यंत. ती ब्रेकचं एबीएस, एअरबॅग, चावीचं कोडिंग सगळं उघडते. आपल्याला घरी त्याचं काम नाही. एअरबॅगच्या दिव्याला तर घरी कुणी हात लावूच नये.

माझं मत सांगायचं तर एकट्यासाठी घ्यायचं असेल तर ब्लूटूथवालं घ्या, पण अगदी तळातलं सोडून. चौघांत, गल्लीत, बचत गटात मिळून घ्यायचं असेल तर हातातलं वायरवालं घ्या. ते हरवत नाही, फोन बदलला तरी चालतं, आणि कुणाच्या फोनवर अवलंबून राहत नाही. आणि दोन्हीच्या आधी दोन-तीनशेचा मल्टिमीटर घ्या. मोटार-स्टार्टरसाठी तो तसाही लागतोच. माझं ५,४०० चं कोडं कोडानं सुटलं नाही, मीटरनं सुटलं.

इथं माझीही एक फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणपण शिकवतोय असं वाटणार नाही. यंत्र हातात आल्यावर मी गावचा डॉक्टर झालो होतो. सहा महिन्यांनी आमचीच गाडी थरथरायला लागली. कोड पी ०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. यूट्यूबवर एकानं कॉइल बदलली होती, मी पण ऑनलाइन कॉइल मागवली, १,८०० ची. लावली. थरथर तशीच. शेवटी आमच्या जुन्या मिस्तरीकडं गेलो. त्यांच्याकडं स्कॅनर नाही, ते माझा ठोकळा बघून हसले. म्हणले, "एक नंबरची कॉइल दोनला लाव आणि दोनची एकला. मग तुझं यंत्र बघ काय म्हणतंय." लावली. कोड तरीही पी ०३०१ च. कॉइलचा दोष असता तर तो कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला असता, कोड ०३०२ झाला असता. मग प्लग काढला तर त्याचं टोक झिजून गेलेलं. दोनशे रुपयांत काम झालं. १,८०० ची नवी कॉइल अजून कोठीत पडून आहे, कुणाच्या गाडीला बसत असेल तर न्या.

अदलाबदलीची ही युक्ती फुकट आहे, आणि यंत्र ती सुचवत नाही. एक लक्षात ठेवा, तो पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर मिसफायर जोरात चालू आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं, आणि तो पार्ट सगळ्यांत महाग. गाडी बाजूला घ्या. आणि तापमानाचा नाहीतर ऑइलचा लाल दिवा लागला तर कोड वाचत बसू नका, इंजिन बंद करा.

आता ऑगस्टचं. १७-१८ ऑगस्ट २०२५ ला आपल्या तालुक्यात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली. माणसं गेली, जनावरं गेली, घरं गेली. त्यापुढं गाडीचं दुःख काहीच नाही, पण ज्याची गाडी भाड्यावर चालायची त्याचं पोट तीवर होतं. पाणी उतरल्यावर माझ्या मेव्हण्याच्या ओळखीतल्या एकाची गाडी बघायला बोलावलं. पाणी सीटच्या खालपर्यंत येऊन गेलेलं. नशीब, त्यानं सुरू करायचा प्रयत्न केला नव्हता. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग विमावाले ते नुकसान पाण्याचं धरायला खळखळ करतात. विम्याची पाहणी झाल्यावर, बॅटरी नवीन लावून मी ठोकळा जोडला. अकरा कोड! काही पी चे, काही यू चे. यू म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनात. तो माणूस रडकुंडीला आला, "अकरा पार्ट गेले का?"

उलट आहे. एकदम अकरा कोड आले की समजायचं, मूळ एकच असायची शक्यता जास्त. बॅटरीचं व्होल्टेज, अर्थची वायर, पाणी गेलेलं एखादं मोठं कनेक्टर. पूर्ण प्लॉट एका रात्रीत सुकला तर आपण प्रत्येक झाडाला वेगळा रोग शोधतो का? पाण्याकडं बघतो. तिथं पायाखालच्या कार्पेटखालचं कनेक्टर हिरवं पडलेलं होतं. मी फोटो काढले, कोड लिहून दिले, पुसले नाहीत. पुढचं काम उदगीरच्या इलेक्ट्रिशियननं केलं. कनेक्टर साफ करून अकरापैकी आठ कोड गेले. एक सेन्सर खरंच गेला होता, तो बदलावा लागला, आणि उरलेले दोन त्याच्याबरोबर गेले. स्वस्त यंत्राचा उपयोग तिथं एवढाच झाला की त्या माणसाला अकरा पार्टांचं बिल कुणी लावू शकलं नाही.

कोड न पुसण्याचं कारणही सांगतो. कोडाबरोबर गाडी त्या क्षणाचा एक पंचनामा ठेवते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड झाला तेव्हा वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती. पुसलं की पंचनामा गेला. दुरुस्त करणाऱ्याला दाखवायच्या आधी पुसू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर नुसतं वाचा, फोटो काढा आणि तो फोटो घेऊनच सर्व्हिस सेंटरला जा. उघडू नका.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी वेगळं. तुमच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती मोठ्या रस्त्यावर, गरम इंजिनावर स्वतःला जाळून साफ करते. आपल्या फेऱ्या घर ते शेत, शेत ते मोंढा, चार-पाच किलोमीटरच्या. जाळी भरते, पी २४६३ सारखा कोड येतो. स्वस्त यंत्र तो कोड दाखवेल, पण जाळी जबरदस्तीनं साफ करायचा हुकूम बहुतेक स्वस्त यंत्रांना देता येत नाही. कोड यायच्या आधी, डीपीएफचा नुसता दिवा लागला असेल तेव्हा, पुस्तिकेत लिहिलंय तसं अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं गाडी चालवा, बऱ्याच वेळा जातो. आणि ही जाळी साफ होत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. गाडी तशी आणून सोयाबीनच्या भुसकटावर नाहीतर कडब्याच्या गंजीला लावून उभी करू नका. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एकदा वासावरून कळलं.

सेकंडहँड घेणाऱ्यांना तर मी म्हणेन, इसार द्यायच्या आधी यंत्र लावाच. हैदराबादहून, पुण्याहून गाड्या येतात, मीटरवर एकही दिवा नसतो. पण अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस' म्हणून एक पान आहे. गाडी स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या की नाही ते तिथं दाखवते. बहुतेक चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. मालकाला विचारा. "बॅटरी बदलली" म्हणला तर पावती मागा. आणि चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो पिवळा दिवा क्षणभर लागायलाच पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढलाय.

यंत्र काम झालं की काढून ठेवा. त्या सॉकेटला बॅटरीचा सप्लाय कायम असतो, आठवडाभर गाडी उभी राहिली तर सकाळी सेल्फ लागणार नाही. माझं मी माती परीक्षणाच्या पिशव्यांच्या डब्यात ठेवतो, तिथून ते लेकरांच्या हाताला लागत नाही.

आमच्या त्या जुन्या मिस्तरीला मी हातातला स्कॅनर घ्यायला लावतोय. ते म्हणतात, "मला इंग्रजी कुठं येतं." मी म्हणलं, कोडाला इंग्रजी लागत नाही, एक अक्षर आणि चार आकडे असतात. नेहमी येणारे वीस-पंचवीस कोड मी मराठीत लिहून पत्र्यावर चिकटवून देतो, पुढची अदलाबदल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. कागद अर्धा झालाय. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी त्यांच्या दुकानापुढं बसणार आहोत. कुणाचा दिवा लागलेला असेल तर गाडी घेऊन या, पैसे लागणार नाहीत. डिझेलवाल्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावा, समोरच्या कडब्याजवळ नको.